मावत नाही

१५ मार्च १९९८, रविवार. जळगाव

आज दुकान बंद, म्हणून पलंगाखालची ट्रंक ओढून उघडली. वर आईची दोन लुगडी, त्याखाली नानांची निवृत्तीच्या दिवशीची शाल, आणि तळाशी आमच्या फाइल सर्व्हरचा पहिला छापील गठ्ठा. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद पिवळा पडलाय. धुळ्याला देवपुरातल्या त्या एका खोलीत माझा वर्गमित्र अभिमन आणि मी तो प्रोग्रॅम लिहिला. एकच पंखा होता आणि तो कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवावा लागे, आम्ही घाम पुसत बसायचो. आई दुपारी डबा घेऊन यायची आणि दारातच विचारायची, "झालं का तुमचं मशीन बोलतं?" तिला वाटायचं, आम्ही रेडिओ बनवतोय.

मशीन बोलतं झालं तेव्हा आई नव्हती. काम साधंच आहे: एका मोठ्या मशीनवरच्या डिस्कमध्ये बाकीच्या मशीनना आपापली कागदपत्रं ठेवता यावीत, सगळ्यांची एकच कोठी. त्या जोरावर आम्ही जळगावात दुकान टाकलं, नानांना धुळ्याहून इकडे आणलं. नाना अजून पांझरा नदीवरच्या हवेची आठवण काढतात. मार्चमध्येच इथे पत्रा तापतो, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

१८ मार्च, बुधवार

सावद्याहून लोटन आबांचा फोन. आबा तिथल्या एका मंडळाचे अध्यक्ष. सगळ्या भाऊबंदांची वंशावळ त्यांना कॉम्प्युटरमध्ये हवी आहे, कारण दरवर्षी येऊन पिढ्या वाचून दाखवणारा भाट आता थकलाय आणि त्याच्या मुलांनी गाड्या घेतल्यात. चार मशीन, मधे आमचा सर्व्हर. पद्धत आबांनीच ठरवली: बापाच्या नावाचा कप्पा, त्याच्या आत मुलाचा, त्याच्या आत नातवाचा. ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं.

आबा म्हणाले, "तुमचं मशीन काहून निजून राह्यलं व? आमच्या धाकट्या सूनबाईनं हात लावला का चारही बंद. दुसऱ्या कोनी लावला तर काही नाही."

अभिमनचं म्हणणं, वायर ढिली असेल. अभिमनला जगातलं सगळं दुखणं वायरीत दिसतं. आबांनी शेवटी सांगून टाकलं की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी येतील, त्यांच्यासमोर वंशावळ उघडायची आहे. त्या दिवशी मशीन निजलं तर चारही परत घेऊन जा. सावद्याचं बघून ठरवू म्हणणारी आणखी दोन गावं आहेत. सावदा गेलं तर दुकान गेलं, हे अभिमनला आणि मला बोलून दाखवायची गरज नाही. मग मला पुण्यात नोकरी धरावी लागेल, आणि नाना पुण्याला येणार नाहीत. धुळ्याहून जळगावला आणतानाच त्यांना दोन महिने लागले होते.

२१ मार्च, शनिवार. सावद्याहून परत आल्यावर

सकाळच्या एसटीने भुसावळ-फैजपूर करत गेले. वाटेभर केळीच्या बागा, त्यांच्या सावलीतून येणारा गार वारा. लहानपणी आईबरोबर यावल, फैजपूरकडे यायचे तेव्हा हाच वारा लागला की आई म्हणायची, आता तोंड धुवायला नको.

आबांची धाकटी सून म्हणजे प्रमिलावहिनी. बारावी झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली, मशीनवर बसणाऱ्या चारही जणींत हात तिचाच चालतो. मी मागे स्टूल घेऊन बसले. तिने पणजोबांचा कप्पा उघडला, आजोबांचा उघडला, आबांचा उघडला, सगळं सुरळीत. मग नवीन कप्पा करायचा होता, तिच्या नवऱ्याचा. वहिनी थांबली, पदर सारखा केला, आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करत सुटली: "आबांचे धाकटे चिरंजीव, सोनूचे पप्पा, हल्ली मुक्काम सावदा, केळी पाठवणाऱ्या ग्रुपमध्ये कामाला." एंटर दाबलं आणि चारही पडदे गोठले.

"वहिनी, अहो नाव टाका ना. रुपचंद."

"मी कसं टाकू?" ती म्हणाली. "तुम्ही लग्न नाही केलं म्हणून तुम्हाला सोपं वाटतं."

मी इतकी हसले की आबा ओसरीवरून आत बघायला आले. हसून झाल्यावर घाबरले. कारण मग वायर ठीक आहे आणि दुखणं आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात आहे.

परतताना आबांनी सहज विचारलं, "तुमच्या किती पिढ्या मायीत हाये तुमाले?" मी म्हटलं, आजोबांच्या वडिलांपर्यंत. आबा म्हणाले, "असं." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. केळीचा एक फणा दिला, चांगला पिकलेला.

२२ मार्च, रविवार

सापडलं. कोणाच्याही कप्प्याचा पूर्ण पत्ता, म्हणजे पणजोबापासून शेवटच्या नावापर्यंतची सगळी ओळ, ठेवायला आम्ही एकशे अठ्ठावीस अक्षरांची जागा धरलेली. त्या वेळी बाजारातल्या मशीनना आठच अक्षरांची नावं चालायची, आम्हाला ती जागा म्हणजे मैदान वाटली होती. आणि अक्षरं एका जागेतून दुसरीकडे नेणारी जी आज्ञा आहे ती, जागा किती आहे, हे विचारतच नाही. समोरचं संपेपर्यंत ओतत राहते. पाटाचं पाणी बांधावरून शेजारच्या वावरात जावं तसं जास्तीचं पुढच्या जागेत शिरतं, आणि तिथे कोणती मशीन जोडलेली आहेत ते लिहिलेलं असतं. ते पुसलं की सर्व्हर आंधळा होतो.

नाना बाजूला खाटेवर पडून ऐकत होते. त्यांना समजावं म्हणून मी आमचं घर टाकून दाखवलं: यादव, त्यात देवचंद, त्यात पितांबर, म्हणजे नाना स्वतः, त्यात विशाखा. चार नावं, जागा भरपूर उरली. मी म्हटलं, "बघा नाना, आपल्या घराने मशीन कधी बंद पडायचं नाही. आपलं चार शब्दांत आटोपतं." सावद्याच्या आबांचा प्रश्नही सांगितला.

नाना घरात अहिराणी बोलतात, मास्तर म्हणून वर्गात चाळीस वर्षं बोलले नाहीत त्याचं उट्टं काढतात. ते म्हणाले, "कितला अक्षरं मावतस त्यामा?"

मी सांगितलं. ते भिंतीकडे कूस वळवून झोपले. उन्हाने त्यांना हल्ली लवकर थकवा येतो.

२ एप्रिल, गुरुवार

अभिमन म्हणाला, जागा दुप्पट कर आणि मोकळी हो. केली, आणि आठवडा बरा गेला. मग आबांना कौतुक वाटून त्यांनी प्रत्येक घरातून एकेक सून टायपिंगला बोलावली. सुनांची जत्राच. कोणी नवऱ्याचं नाव टाकीना, कोणी सासऱ्याचं टाकीना, एकीने तर सासरे, आजेसासरे, चुलतसासरे सगळ्यांचं वर्णनच लिहिलं, "पांढऱ्या घोड्यावर बसायचे ते." दुप्पट जागा काल दुपारी भरली आणि पुन्हा चारही मशीन बंद.

नाना सकाळी एकटेच धरणगावला गेले. आईच्या माहेरच्या गल्लीत काय काम, विचारलं, तर म्हणाले जुनी ओळख आहे. संध्याकाळी चेहरा लाल करून आले. मला धडकी भरली. मी पुण्याला गेले तर त्यांनी एकट्याने कुठे राहायचं, ते बघायला गेले असणार. ताक दिलं.

८ एप्रिल, बुधवार

जागा कितीही वाढवली तरी सुना तिच्यापुढे जाणार, म्हणून नवी शक्कल काढली. जेवढं मावेल तेवढं घ्यायचं, उरलेलं कापायचं. अभिमन खूश, मी खूश, मशीन दोन दिवस बंद पडलं नाही.

आज आबांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. मोठी सून बेबावहिनी, तिनेही नवऱ्याला "आबांचे थोरले चिरंजीव" लिहिलं होतं. वरच्या पिढ्यांची वर्णनं आधीच लांबलेली, म्हणून आमच्या प्रोग्रॅमने दोघींचं "आबांचे" इथेच कापलं. मग दोघांचा कप्पा एकच झाला आणि थोरल्याची पोरं धाकट्याच्या पोरांत जाऊन बसली, चुलत भावंडं सख्खी झाली.

"आतापर्यंत तुमचं मशीन निजत व्हतं," आबा म्हणाले. "आता खोटं बोलून राह्यलं. निजलेलं परवडलं व बाई."

अभिमनने फोन माझ्या हातातून घेऊन आबांना दोनदा माफ करा म्हटलं. दुपारी आम्ही दोघांनी चहा गरम असतानाच संपवला. देवपुरातल्या खोलीत आम्ही किती भांडायचो, चहा गार होईपर्यंत. तेव्हा बुडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भांडायला मजा यायची.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मिरवणुकीचा ढोल सकाळपासून ऐकू येतोय. धुळ्याला नाना शाळेतल्या मुलांना पांढरे कपडे घालून रांगेत न्यायचे, आई मला निळी रिबीन बांधायची, ती दरवर्षी तीच असायची, इस्त्री केलेली. आज नाना नाहीतच. एवढ्या मोठ्या दिवशी पहाटे उठून पहूरला गेले, तिथल्या विहारात भेटतील सगळे, म्हणाले. जयंतीला घर सोडून जायचं! मला राग आला. पहूरला आईची मावशी आहे, फार म्हातारी, तिला ऐकूही येत नाही.

पुण्याहून फोन आला होता. आमच्या वर्गातली एक मैत्रीण तिथे आहे, तिच्या साहेबांनी जूनपर्यंत जागा धरून ठेवलीय. सन दोन हजार उजाडताना मशीन गोंधळू नयेत म्हणून माणसं हवी आहेत. पगार ऐकून अभिमनने शिट्टी वाजवली.

नाना आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "तू जाय पुनाले. मनी काळजी करू नको." इतकं पटकन म्हणाले की मला रडू आलं. मी त्यांच्यापासून लपवून, मोरीत तोंड धुतलं. त्यांच्या धोतराच्या सोग्यात कसलीशी गाठ होती, ती त्यांनी सोडली तर त्यात कैरी निघाली. मावशीने दिलेली. माझ्यासाठी.

१९ एप्रिल, रविवार

तीन दिवस अभिमन आणि मी समोरासमोर बसून सगळा प्रोग्रॅम वाचला, ओळीवर बोट ठेवून, देवपुरात वाचायचो तसा. जिथे जिथे अक्षरं ओतली जातात तिथे आधी मोजून घ्यायचं. मावत असेल तर घ्यायचं. मावत नसेल तर एकही अक्षर न घेता परत द्यायचं आणि सांगायचं, बाकीच्यांचं काम चालू ठेवायचं. वरच्या पिढ्यांची वर्णनं काढून साधी नावं टाकली आणि जागा पुन्हा पहिल्याइतकी केली, एकशे अठ्ठावीस. वाढवण्यात शहाणपण नव्हतं.

अभिमन अडून बसला. "गिऱ्हाइकाला मशीनने नाही म्हणायचं? आखाजीच्या दिवशी? आबांच्या सुनेला?"

"मग काय करू, पुन्हा पोरं इकडची तिकडे टाकू?"

तो उठून वायर हलवून आला. आल्यावर म्हणाला, निदान गोड शब्दांत सांग. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: "नाव मोठं आहे. मावत नाही. थोडं आवरून घ्या." तो हसला. किती दिवसांनी हसला.

नाना आज पुन्हा कुठेसे. एरंडोलकडे, बहुतेक. मी विचारणं सोडलंय. त्यांना जागा मिळाली की सांगतीलच.

२९ एप्रिल, बुधवार. आखाजी

आत्ताच सावद्याहून आले. पायांना अजून धूळ आहे, पण लिहूनच काढते.

आबांच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, लेकी आळीपाळीने बसत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. खापरावर मांडे चालले होते. आईसुद्धा आखाजीला झोक्यावर बसायची, चाळिशीतही, आणि खाली उतरली की आधी माझा गालगुच्चा घ्यायची. मला त्या अंगणात उभं राहवेना, मी मशीनजवळ जाऊन बसले.

सगळ्या लेकी भोवती जमल्यावर आबा प्रमिलावहिनीला म्हणाले, घे, आपल्या घराचं कर. वहिनीने पणजोबा उघडले, आजोबा उघडले, आबा उघडले. आणि तिची ती लांबलचक ओळ लिहिली.

मशीनने सांगितलं: नाव मोठं आहे, मावत नाही, थोडं आवरून घ्या. एका पोरीने मोठ्याने वाचलं. बाकीच्या तीन मशीनवर टकटक चालूच होती, कोणाचंही थांबलं नाही. मी अभिमनकडे पाहिलं, त्याने डोळे मिटलेले होते.

आबा पडद्याकडे वाकून म्हणाले, "हे काय म्हनून राह्यलं?"

मी म्हटलं, "आबा, खोटं बोलण्यापेक्षा नाही म्हणतंय."

आबा काही बोलायच्या आत त्यांची मोठी लेक, नणंदबाई, पुढे झाली. "वहिनी, नाव घ्या. मशीनसुद्धा मागतंय." मग सगळ्याच मागे लागल्या, नाव घ्या, नाव घ्या. प्रमिलावहिनी लाजली, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली,

"आखाजीचा झोका, त्याला नवी दोरी,
रुपचंदरावांचं नाव घेते, जागा झाली पुरी."

आणि तोंडात नाव असतानाच टाइप करून टाकलं. कप्पा उघडला. दारात उभे असलेले रुपचंदभाऊ तिथून जे पळाले ते जेवायच्या वेळीच दिसले. मग त्या साऱ्या सुनांनी उखाणे घेत घेत आपापल्या नवऱ्यांची नावं घातली. कोणाच्या घरी वंशावळ अशी भरली नसेल. आबा शेवटी माझ्या ताटात स्वतः आमरस वाढत म्हणाले, "त्या दोन्ही गावांले मी निरोप धाडतो. सावद्याचं मशीन शानं हाये म्हनून."

अभिमन एसटीत झोपला, माझ्या खांद्यावर डोकं पडलं तरी उठला नाही. दुकान राहतंय. उद्या पुण्याला येत नाही म्हणून कळवायचं.

११ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात जाऊन आलो, घरी खीर केली. खीर खाऊन झाल्यावर नाना म्हणाले, दुकान उघड, मला काम आहे. सुट्टीच्या दिवशी! पण स्वच्छ धोतर नेसून, चष्मा पुसून तयारच होते, वर्गावर जाताना असायचे तसे.

मशीनसमोर बसवलं तर म्हणाले, तू टाइप कर, मी सांगतो. हातात कागद नव्हता. मास्तरकी केलेल्या माणसाने सगळं तोंडपाठ केलेलं.

"पहूरनी ठगूबाई," त्यांनी सुरुवात केली. "तिना मधमा पहूरनी आक्काबाई. तिना मधमा एरंडोलनी कोंडाबाई."

मी थांबले. "या कोण, नाना?"

तेव्हा सांगितलं. ते धरणगावला, पहूरला, एरंडोलला गेले होते ते घर बघायला नाही. आपल्या आधीच्या माणसांची नावं विचारायला. पण आता उरल्यात त्या साऱ्या म्हाताऱ्या बाया. नाना म्हणाले, "बाया मालकनं नाव लेत नहीत. सासरानं नही, जेठनं नही. मंग मी म्हंतं, ऱ्हाऊ दे. तुले कोणी वाढावं ते सांग." कोणाला सख्ख्या आईने वाढवलं होतं, कोणाला आत्याने, कोणाला प्लेगात आई गेल्यावर शेजारणीने. रक्त त्यांनी विचारलंच नाही. जिने जिला वाढवलं, तिच्या आत ती. आईच्या त्या न ऐकू येणाऱ्या मावशीने दोन तासांत चार नावं दिली, ती जयंतीच्या दिवशी.

एवढ्या उन्हात कशासाठी हिंडलात, मी विचारलं. "आपलं चार शब्दस्मा आटोपस, नही का?" म्हणाले आणि पुढचं नाव सांगायला लागले.

एरंडोलची कोंडाबाई, तिच्यात धरणगावची झिपाबाई, तिच्यात मंजुळाबाई, तिच्यात द्रौपदाबाई. प्रत्येकीच्या आधी तिचं गाव, नाना गाव गाळू देईनात. मग धुळ्याची लिलाबाई. आई. मला टाइप करताना अक्षरं दिसेनात, तरी बोटांनी बरोबर केलं. आई कप्प्यात गेली. आता मी.

"जळगावनी विशाखा," नाना म्हणाले.

मी लिहिलं, एंटर दाबलं. पडद्यावर आलं: नाव मोठं आहे. मावत नाही. थोडं आवरून घ्या.

मी ओशाळले. म्हटलं, "नाना, थांबा, दोन मिनिटांत जागा वाढवून देते. नाहीतर गावं काढू."

"नको." ते पडद्याकडे वाकले, वहीतली चूक बघायचे तसे, आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. मग खुर्चीला पाठ टेकून बसले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

"बठ्ठ्या मावन्यात," ते ठगूबाईपासून आईपर्यंत साऱ्या जणींकडे बोट करत म्हणाले. "तूच नही मावनी."

बाहेर रस्त्यावर पौर्णिमेची मिरवणूक निघत होती, मी उठायला लागले. नानांनी माझं मनगट धरून खाली बसवलं आणि चष्मा पुन्हा पुसला.

"लिख," म्हणाले. "आखो एकदाव लिख."